पीएचपी ॲरेतल्या दुबार व्हॅल्यूंच्या कीज कशा शोधायच्या

प्रश्न थोडक्यात असा: पीएचपीच्या एका ॲरेत (की आणि तिच्यावरची व्हॅल्यू अशा जोड्यांच्या यादीत) काही व्हॅल्यूज दोन-तीन वेळा आल्या आहेत. ॲरे_युनिक लावलं तर जादाच्या नोंदी उडतात, ॲरे_सर्च लावलं तर पहिली की मिळते आणि काम तिथेच थांबतं. विचारणाऱ्याला या दोन्हींतलं काही नकोय. कुठली व्हॅल्यू कुठल्या कुठल्या कीजवर बसली आहे, एवढंच त्याला हवंय, आणि तेही पहिली जागा धरून.

आधी चालणारं उत्तर देतो, मग ते कुठे फसतं ते. दुसरा भाग बराच लांबेल, कारण या कामात खरा वेळ तिथेच जातो.

$यादी = ['क१' => 'निळा', 'क२' => 'लाल', 'क३' => 'निळा', 'क४' => 'हिरवा', 'क५' => 'लाल', 'क६' => 'निळा'];

$गट = [];
फोरईच ($यादी ॲज $की => $मूल्य) {
    $गट[$मूल्य][] = $की;
}
$दुबार = ॲरे_फिल्टर($गट, एफएन($कीज) => काउंट($कीज) > १);

हाती येतं ते असं: 'निळा' खाली क१, क३, क६ आणि 'लाल' खाली क२, क५. 'हिरवा' एकदाच आला होता, तो गळाला.

(कोड इथे देवनागरीत लिहिला आहे. फोरईच, काउंट असे पीएचपीचे स्वतःचे शब्द आणि अंक एडिटरमध्ये नेहमीच्या रोमन लिपीत टाइप करा. व्हेरिएबलची नावं मात्र $गट, $दुबार अशीच ठेवलीत तरी पीएचपी कुरकुर करत नाही. नावात १२८ ते २५५ या टप्प्यातला कुठलाही बाइट त्याला चालतो, आणि यूटीएफ-८ मधल्या देवनागरीचे सगळे बाइट त्याच टप्प्यात येतात.)

लूपमधल्या एका ओळीतच सगळं काम होतं. $गट मध्ये त्या व्हॅल्यूचा खण नसेल तर पीएचपी तो स्वतःच उघडतं, असेल तर त्यात की टाकतं. आधी 'आहे का' म्हणून तपासायची गरज नाही. मूळ ॲरे एकदाच चाळला जातो. ॲरे_फिल्टर कीज जपतं, म्हणून कुठला गट कोणाचा ते शेवटपर्यंत कळतं.

सगळ्या दुबार कीज एकाच सपाट यादीत हव्या असतील तर ॲरे_मर्ज(...ॲरे_व्हॅल्यूज($दुबार)). इथे ॲरे_व्हॅल्यूज गाळू नका. $दुबार च्या कीज स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आहेत, आणि तीन टिंबांनी ॲरे उलगडताना पीएचपी ८ स्ट्रिंग कीजना नेम्ड आर्ग्युमेंट (फंक्शनला नावानिशी दिलेली व्हॅल्यू) समजतं. ॲरे_मर्ज ते घेत नाही आणि एरर येते. एकही दुबार नसेल तर ॲरे_मर्ज ला काहीच मिळत नाही, पण ७.४ पासून ते रिकाम्या हातानेही चालतं.

फक्त जादाच्या नोंदी हव्यात, पहिली सोडून? मग लूपही नको. ॲरे_डिफ_की($यादी, ॲरे_युनिक($यादी)) एवढं पुरतं. ॲरे_युनिक प्रत्येक व्हॅल्यूची पहिली की ठेवतं. मूळ यादीतून त्या कीज वजा केल्या म्हणजे क३, क५, क६ उरतात. अनेक जण इथे ॲरे_डिफ लावतात आणि रिकामा ॲरे पाहून बुचकळ्यात पडतात. ॲरे_डिफ व्हॅल्यू बघतं, आणि ॲरे_युनिकच्या निकालात सगळ्या व्हॅल्यूज असतातच, मग वजा करून उरणार काय? वजाबाकी कीजची करायला हवी.

याच धाग्याने पहिल्या जागेसकट सगळ्या नोंदी काढणारी एका ओळीची युक्तीही आहे: ॲरे_इंटरसेक्ट($यादी, ॲरे_डिफ_की($यादी, ॲरे_युनिक($यादी))). चालते, कीज जपते. पण मी वापरत नाही. सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला ती आतून बाहेर उलगडावी लागते, गट वेगवेगळे मिळत नाहीत ते नाहीतच, आणि तिच्यातल्या दोन फंक्शन्स व्हॅल्यूज स्ट्रिंग करून ताडतात हे ओळ बघून कोणाच्या लक्षात येत नाही. लूप तीन ओळींचा आहे आणि काय करतोय ते समोर दिसतं.

आता एक पद्धत जी सर्रास दिसते आणि जी मी रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो: लूप फिरवायचा आणि प्रत्येक व्हॅल्यूसाठी ॲरे_कीज($यादी, $मूल्य) मागायचं. ॲरे_कीज ला दुसरं आर्ग्युमेंट दिलं तर ते त्या व्हॅल्यूच्या सगळ्या कीज देतं हे खरं, आणि एकाच ठरावीक व्हॅल्यूचा शोध असेल तर तेच वापरावं. पण प्रत्येक व्हॅल्यूसाठी ते अख्खा ॲरे नव्याने चाळतं. एक लाख नोंदी असल्या तर तुलना होतात १,००० कोटी. शंभर नोंदींच्या टेस्टमध्ये हे कधीच उघडं पडत नाही.

वेगापेक्षा मोठी अडचण तुलनेची आहे. ॲरे_कीज चं तिसरं आर्ग्युमेंट ट्रू दिलं नाही तर तुलना ढिली, म्हणजे दोन बरोबरच्या चिन्हांची होते. समजा तुम्ही दुबार फाइली शोधताय: की म्हणजे फाइलचं नाव, व्हॅल्यू म्हणजे मजकुराचा एमडी५ हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा). '२४०६१०७०८' या स्ट्रिंगचा एमडी५ शून्य आणि 'ई' ने सुरू होतो आणि पुढे सगळे अंकच येतात. असे आणखीही हॅश आहेत. अशा दोन वेगळ्या हॅशची ढिली तुलना केली तर पीएचपी दोन्हींना घातांकातल्या संख्या मानतं. शून्य गुणिले दहाचा कुठलाही घात म्हणजे शून्यच, म्हणून दोन्ही सारखे ठरतात. पीएचपी ८ ने शून्य आणि साध्या अक्षरी स्ट्रिंगची तुलना सुधारली, पण दोन्ही बाजू अंकासारख्या दिसत असतील तर हे आजही असंच घडतं. आणि पुढची पायरी 'दुबार फाइल डिलीट करा' अशी असेल तर नुकसान कायमचं.

इथून पुढे मुद्दा एकच: दोन व्हॅल्यूज 'सारख्या' कधी म्हणायच्या हे तुम्ही ठरवलं नाही तर फंक्शन ठरवतं, आणि प्रत्येक फंक्शनचं उत्तर वेगळं असतं.

हे पाच घटक घ्या: १, '१', ट्रू, १.९ आणि '०१'. पहिला इंटीजर (पूर्णांक), दुसरा आणि पाचवा स्ट्रिंग, मधला बूलियन (खरं-खोटं), चौथा फ्लोट (दशांश संख्या).

ॲरे_युनिक मुळात प्रत्येकाची स्ट्रिंग करून ताडतं. त्याच्या हिशेबी पहिले तीन एक, १.९ वेगळा, '०१' वेगळा.

वरचा आपला लूप व्हॅल्यूलाच की बनवतो, म्हणून तिथे पीएचपीचे कीजचे नियम लागतात. की इंटीजर किंवा स्ट्रिंग एवढीच असू शकते. बाकी सगळं त्या साच्यात ओतलं जातं. '१' चा १ होतो, ट्रू चाही १, आणि १.९ मधला अपूर्णांक कापून तोही १. म्हणजे पहिले चार एकाच गटात. '०१' पुढे शून्य असल्यामुळे स्ट्रिंगच राहतो आणि बाजूला पडतो.

ढिल्या तुलनेने बघितलं तर चित्र आणखी विचित्र. १ आणि '०१' सारखे, ट्रू आणि १.९ सारखे, ट्रू आणि १ सारखे, पण १ आणि १.९ वेगळे. अ ब सारखा, ब क सारखा, तरी अ क सारखा नाही. ॲरे_कीज ला १ शोधायला सांगितला तर चार कीज येतात, ट्रू शोधायला सांगितला तर पाचही. अशा नात्यावर गट पाडताच येत नाहीत. ॲरे_युनिकला सॉर्ट_रेग्युलर हा फ्लॅग दिला तर तेही ढिली तुलना वापरतं, म्हणून सरमिसळ टाइप असलेल्या ॲरेवर त्याचा निकाल मी गृहीत धरत नाही.

तीन बरोबरच्या चिन्हांनी बघितलं तर पाचही वेगळे.

यात अपूर्णांक कापला जाणं सगळ्यात महाग पडतं. व्हॅल्यूज मोजमापं असतील तर ९९.५० आणि ९९.९५ एकाच गटात जाऊन बसतात. पीएचपी ८.१ पासून यावर डेप्रिकेशनची ('हे पुढे बंद होणार' अशी) सूचना येते, पण लाइव्ह सर्व्हरवर त्या सूचना कोण वाचतं? शिवाय हा घोटाळा कोडला हातही न लावता उपटू शकतो. पीडीओ (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग) आणि मायएसक्यूएल डेटाबेस एम्युलेटेड प्रिपेअर्ड स्टेटमेंटसह वापरताना ८.० पर्यंत आकडे स्ट्रिंग म्हणून हाती यायचे. '९९.५०' ही स्ट्रिंग की म्हणून जशीच्या तशी राहते, म्हणून गट बरोबर पडायचे. ८.१ पासून फ्लोट आणि डबल कॉलम खरे फ्लोट म्हणून येतात. लूप तोच, क्वेरी तीच, आवृत्ती वर गेली आणि गट बदलले. डेसिमल कॉलम अजूनही स्ट्रिंगच येतो, म्हणून एकाच टेबलातले दोन कॉलम वेगळे वागताना दिसू शकतात.

बाकीचे नियम पटकन सांगतो. फॉल्स की म्हणून ० होतो. नल ची रिकामी स्ट्रिंग होते, म्हणजे नल आणि '' एकाच गटात. '-५' चा इंटीजर होतो, '+५' चा होत नाही. ॲरे किंवा ऑब्जेक्ट की म्हणून दिलं तर पीएचपी ८ टाइपएरर फेकतं, आणि इनमचंही (ठरावीक पर्यायांच्या टाइपचंही) तेच. इनमला बॅकिंग व्हॅल्यू असेल तर ती घ्या.

ॲरे_काउंट_व्हॅल्यूज बद्दल नेहमी विचारणा होते. ते फक्त इंटीजर आणि स्ट्रिंग मोजतं. वरच्या पाचांतले ट्रू आणि १.९ ते वॉर्निंग देऊन सोडून देतं. किती वेळा ते सांगतं, कुठे ते सांगत नाही, म्हणजे कीजसाठी परत चाळणं आलंच. ॲरे_फ्लिप तर याच्या उलट टोकाला: प्रत्येक व्हॅल्यूची शेवटची की तेवढी उरते. 'दुबार काही आहे का' एवढा हो-नाहीचा प्रश्न असेल आणि व्हॅल्यूज साध्या असतील, तर फ्लिप केलेल्या ॲरेचा काउंट मूळ काउंटशी ताडून बघणं पुरेसं आहे.

मग करायचं काय? व्हॅल्यूला थेट की बनवायचं नाही. व्हॅल्यूवरून एक खूण तयार करायची आणि गट त्या खुणेवर पाडायचे. खूण कशी काढायची ते बाहेरून सांगता आलं पाहिजे. माझ्याकडे जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हे फंक्शन असतं:

फंक्शन दुबार_कीज(ॲरे $यादी, ?कॉलेबल $ओळख = नल): ॲरे
{
    $ओळख ??= 'सीरियलाइझ';
    $पहिली = [];
    $दुबार = [];
    फोरईच ($यादी ॲज $की => $मूल्य) {
        $खूण = $ओळख($मूल्य);
        इफ ($खूण === नल) {
            कंटिन्यू;
        }
        इफ (!इसेट($पहिली[$खूण])) {
            $पहिली[$खूण] = $की;
            कंटिन्यू;
        }
        $दुबार[$खूण] ??= [$पहिली[$खूण]];
        $दुबार[$खूण][] = $की;
    }
    रिटर्न ॲरे_व्हॅल्यूज($दुबार);
}

परत येते ती गटांची यादी. प्रत्येक गट म्हणजे कीजची यादी, मूळ क्रमाने. व्हॅल्यू हवी असेल तर $यादी[$कीज[०]], इथे $कीज म्हणजे त्यातला एक गट. ती मूळ टाइपसकट मिळते, स्ट्रिंगचा इंटीजर होऊन नाही. ओळख सांगणाऱ्या फंक्शनने नल दिला तर ती नोंद मोजायचीच नाही, असा संकेत ठेवला आहे; त्याचा उपयोग पुढे येईल.

इसेट इथे सुरक्षित आहे, कारण $पहिली मध्ये आपण कीज ठेवतोय आणि ॲरेची की कधी नल नसते. की ० असली तरी इसेट हो म्हणतं. हेच फंक्शन जनरेटरवर (एकेक व्हॅल्यू पुरवत जाणाऱ्या फंक्शनवर) चालवायची हुक्की आली तर जपून: जनरेटर नल पण की म्हणून देऊ शकतो, म्हणूनच वर इटरेबल न लिहिता ॲरे लिहिलंय.

पहिल्या साध्या लूपपेक्षा यात आणखी एक फरक आहे. तो लूप एकदाच आलेल्या व्हॅल्यूलाही स्वतःचा छोटा ॲरे देतो. ६४-बिट पीएचपी ७ मध्ये एकच घटक असलेला ॲरेसुद्धा ३७६ बाइट घेतो. दहा लाख वेगवेगळ्या व्हॅल्यूज आल्या तर नुसत्या या खणांनाच ३७ कोटी ६० लाख बाइट लागले, आणि पीएचपीची मूळ मेमरी_लिमिट १२८ एमबी. ८.२ पासून असे ॲरे बरेच आटोपशीर झाले, तरी हा खर्च मुळात फुकटचाच. वरच्या फंक्शनमध्ये आधी फक्त पहिली की टिपली जाते आणि दुसरी भेटली तरच ॲरे तयार होतो. यादी हजार-दोन हजारांची असेल तर हा विचार सोडा, साधा लूपच लिहा.

सीरियलाइझ (व्हॅल्यू टाइपसकट स्ट्रिंगमध्ये लिहिणारं फंक्शन) ही खूण कडक आहे. १, १.० आणि '१' तिघांच्या खुणा वेगळ्या. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ च्या गटात बसत नाही, कारण फ्लोटच्या हिशेबात ती खरोखरच ०.३ नाही, ते चालणार नसेल तर आधी नंबर_फॉरमॅट ने ठरावीक दशांश स्थळांवर आणा आणि ती स्ट्रिंग खूण म्हणून द्या. एक गंमत: नॅन ('संख्या नाही' असं सांगणारा फ्लोट) स्वतःशीही सारखा नसतो, पण सीरियलाइझ केल्यावर सगळे नॅन एकाच गटात येतात, आणि दुबार शोधताना बहुधा आपल्याला तेच हवं असतं. ॲरेमधले ॲरे असतील तर आतल्या कीजचा क्रम बदलला म्हणजे खूण बदलते. क्रम महत्त्वाचा नसेल तर आधी केसॉर्ट लावा. क्लोजर (निनावी फंक्शन) सीरियलाइझ होत नाही, एक्सेप्शन येतं. आणि ऑब्जेक्टच्या बाबतीत 'मजकूर सारखा' आणि 'तोच ऑब्जेक्ट' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा असेल तर एसपीएल_ऑब्जेक्ट_आयडी ही खूण घ्या.

सीरियलाइझऐवजी जेसन_एन्कोड वापरणारे बरेच आहेत. खूण वाचायला सोपी होते हे मान्य. पण एखाद्या स्ट्रिंगमध्ये यूटीएफ-८ चा एक बाइट जरी बिघडलेला असला तर जेसन_एन्कोड गुपचूप फॉल्स देतं. फॉल्स की म्हणून ० होतो. म्हणजे बिघडलेल्या सगळ्या नोंदी, एकमेकींशी काही संबंध नसताना, 'दुबार' म्हणून एका गटात गोळा होतात. हे अस्सल डेटावरच दिसतं, टेस्टच्या डेटावर नाही. वापरायचंच असेल तर जेसन_थ्रो_ऑन_एरर हा फ्लॅग द्या, ७.३ पासून तो आहे.

प्रत्यक्षात ॲरे सपाट फार क्वचित असतो. बहुतेक वेळा ओळींचा ॲरे असतो आणि एका कॉलमवरून दुबार शोधायचे असतात. इथे ॲरे_कॉलम कडे हात जातो, आणि तिथेच चूक होते. ॲरे_कॉलम मूळ कीज जपत नाही. ०, १, २ अशी नवी मोजणी सुरू करतं. एखाद्या ओळीत तो कॉलमच नसेल तर ती ओळ गाळतं आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने मागे सरकतात. तुम्ही म्हणाल सातवी ओळ दुबार, आणि खरी दुबार असेल आठवी. तिसरं आर्ग्युमेंट म्हणून आयडीचा कॉलम दिला तर कीज बऱ्या मिळतात, पण आयडीच दुबार असेल तर आधीची नोंद शेवटच्या नोंदीखाली गाडली जाते. म्हणजे जे शोधायला निघालो तेच झाकलं गेलं. ॲरे_मॅप ला एकच ॲरे दिला तर ते कीज जपतं. आपल्या फंक्शनला तर मधली पायरीच नको:

$गट = दुबार_कीज($ओळी, एफएन($ओळ) => $ओळ['ईमेल'] ?? नल);

नलचा संकेत इथे उपयोगी पडला: ज्या ओळीत ईमेल नाही ती मोजलीच जात नाही. रिकाम्या स्ट्रिंगचंही हेच करा. भरलेल्या फॉर्मच्या डेटात सगळ्यात मोठा 'दुबार' गट हमखास रिकाम्या रकान्यांचा निघतो, आणि रिपोर्ट बघणारा माणूस पहिल्याच ओळीला 'हे काय?' म्हणून फोन करतो.

दोन-तीन कॉलम मिळून दुबार ठरत असेल तर ते नुसते चिकटवू नका. 'अब' आणि 'क' जोडले काय, 'अ' आणि 'बक' जोडले काय, हाती 'अबक' च येणार. मध्ये स्वल्पविराम किंवा आडवी रेघ टाकून लोक निभावून नेतात, पण ते चिन्ह डेटात कधी येईल सांगता येत नाही. सीरियलाइझ([$ओळ['नाव'], $ओळ['तारीख']]) लिहा आणि विषय संपवा. ते प्रत्येक स्ट्रिंगची लांबीही खुणेत टाकतं, म्हणून सीमारेषा पुसली जात नाही.

उरला तो डोळ्यांना सारखा आणि बाइटला वेगळा दिसणारा मजकूर. ईमेलमधली लहान-मोठी लिपी एमबी_स्ट्रटूलोअर ने मिटते, मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा ट्रिमने. पण वेब पेजवरून किंवा स्प्रेडशीटमधून कॉपी केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते आणि ट्रिम तिला हात लावत नाही. ८.४ मधलं एमबी_ट्रिम तीही काढतं. त्याआधीच्या आवृत्तीत प्रेग_रिप्लेसला 'यू' मॉडिफायर देऊन काढावी लागते.

मराठी मजकूर असेल तर एवढ्यावर भागत नाही. 'ॲ' हे एकच कॅरेक्टर म्हणून साठवलेलं असतं, किंवा 'अ' आणि मग अर्धचंद्र असे दोन तुकडे असतात. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब दिसतात. कीबोर्ड बदलला म्हणजे बाइट बदलले. इंटल एक्स्टेन्शनमधला नॉर्मलायझर इथे अर्धंच काम करतो: 'र' खाली नुक्ता देऊन केलेला 'ऱ' तो एका कॅरेक्टरमध्ये आणतो, पण 'ॲ' चे दोन प्रकार जुळवत नाही आणि मजकुरात मिसळलेला न दिसणारा झीरो विड्थ जॉइनरही (अक्षरं जोडण्याचं चिन्ह) काढत नाही. मग सुचतं ते सरसकट सगळे जॉइनर उडवणं. ते करू नका. 'दऱ्या' मधला 'ऱ्या' अनेक जण साधा र, हलन्त आणि जॉइनर असा लिहितात; जॉइनर उडवला तर त्याचा 'दर्या' होतो, आणि डोंगरातल्या दऱ्या समुद्राच्या गटात जातात. आधी र-हलन्त-जॉइनर या त्रिकुटाच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घाला, 'अ' नंतरचा अर्धचंद्र 'ॲ' करून घ्या, आणि मग उरलेले जॉइनर काढा. हे सगळं खुणेपुरतंच. मूळ व्हॅल्यूला हात लावायचा नाही, ती कशी लिहिली गेली तो डेटा आहे.

डेटा मुळात डेटाबेसमधून येत असेल तर लाखभर ओळी पीएचपीत ओढण्याआधी ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट एकापेक्षा जास्त, हे तिथेच करा. आयडीही लगेच हवे म्हणून ग्रुप_कॉन्कॅट लावत असाल तर मायएसक्यूएलमध्ये त्याची मूळ मर्यादा १,०२४ बाइटची आहे; मोठ्या गटाची यादी मध्येच तुटते आणि शेवटचा आयडी अर्धवट राहू शकतो, जो दुसऱ्याच कोणाचा तरी खरा आयडी निघतो. शिवाय तिथे 'सारखं' काय ते कोलेशन (डेटाबेसचे मजकूर ताडण्याचे नियम) ठरवतं. केस न पाहणारं कोलेशन असेल तर डेटाबेसचे गट आणि पीएचपीचे गट जुळणार नाहीत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

शेवटी, गट मिळाल्यावर बहुतेकांना पहिली नोंद ठेवून बाकीच्या काढायच्या असतात:

फोरईच ($गट ॲज $कीज) {
    फोरईच (ॲरे_स्लाइस($कीज, १) ॲज $की) {
        अनसेट($यादी[$की]);
    }
}

शेवटची ठेवायची असेल तर ॲरे_स्लाइस($कीज, ०, -१). $यादी च्या कीज ०, १, २ अशा असतील तर अनसेटनंतर मध्ये फटी राहतात. लूपला त्याने फरक पडत नाही, पण तोच ॲरे जेसन_एन्कोड करून पाठवला तर चौकोनी कंसातल्या यादीऐवजी महिरपी कंसातला ऑब्जेक्ट जातो आणि पलीकडचा जावास्क्रिप्ट कोड मॅप चालवताना आपटतो. पाठवण्याआधी ॲरे_व्हॅल्यूज लावा, पण दुबार कीजचं सगळं काम उरकल्यावरच. आधी लावलंत तर हातात असलेल्या कीज दुसऱ्याच नोंदींकडे बोट दाखवू लागतात.